यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई श्री यशवंतराव होळकर दुसरे (जन्म : ६ सप्टेंबर १९०८, इंदूर, मृत्यू : ५ डिसेंबर १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी महाराज होते. १९२६ मध्ये ते गादीवर आले आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारत संघात विलीन होईपर्यंत राज्यावर राहिले. त्यानंतर १९५६ पर्यंत ते मध्य भारताचे उपराजप्रमुख होते. आधुनिक युरोपीय कलेचे आश्रयदाते, माणिकबाग राजवाड्याचे निर्माते आणि यंत्रांचे जाणकार शौकीन म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांच्यासाठी तयार झालेली ड्यूसनबर्ग एसजे ही सुपरचार्जर बसवलेली मोटार शर्यतीच्या इंजिनांच्या परंपरेतून आलेली असून, दोन महायुद्धांमधील काळातील सर्वांत नावाजलेल्या मोटारींमध्ये तिची गणना होते.

घराणे आणि पूर्वपीठिका

होळकर घराण्याचे मूळ गाव नीरा नदीकाठचे होळ. सुभेदार मल्हारराव होळकर यांनी अठराव्या शतकात माळव्यात सत्ता स्थापन केली, तरी घराण्याचे पुणे प्रांताशी असलेले नाते तुटले नाही. घोड नदीवरील डिंभे धरण ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, त्याला लागून असलेल्या खेड तालुक्यातील वाफगाव येथे होळकरांचा भुईकोट किल्ला आहे. याच वाफगावात १७७६ मध्ये पहिल्या यशवंतरावांचा जन्म झाला. जुन्नर, आंबेगाव आणि खेड या भागात होळकरांची आठवण प्रामुख्याने या किल्ल्यामुळे टिकून आहे. पुढील काळात रयत शिक्षण संस्थेची शाळा या किल्ल्यात भरू लागली.

यंत्रांची व धातुकामाची आवड या घराण्यात जुनी होती. पहिल्या यशवंतरावांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत भानपुरा येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि भट्टीच्या कामात ते स्वतः लक्ष घालीत. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, तसेच इंदुरात संस्थानाची कापडगिरणी सुरू केली. बाष्पयंत्र, रेल्वे आणि गिरणी यांच्याशी इंदूरच्या दरबाराचा परिचय दुसऱ्या यशवंतरावांच्या जन्मापूर्वीच झालेला होता.

जन्म आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे तिसरे तुकोजीराव आणि महाराणी चंद्रावतीबाई यांच्या पोटी झाला. त्यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये चीम व चार्टरहाउस या शाळांत आणि उच्च शिक्षण ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. ऑक्सफर्डमध्ये असताना डॉ. मार्सेल हार्डी हे त्यांचे शिक्षक व मार्गदर्शक होते. त्यांच्यामुळे यशवंतरावांना युरोपातील नव्या कलाविचाराची ओळख झाली. याच काळात जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पॅरिसमध्ये कलासंग्राहक व लेखक आंरी-पिएर रोशे यांची भेट झाली आणि पुढे रोशे यांनी कलाखरेदीत त्यांना सल्ला दिला.

१९२४ मध्ये कोल्हापूरजवळील कागल धाकटी पाती घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संयोगिताराजे यांचेही काही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. आधुनिक राहणी, प्रवास आणि कला यांची दोघांनाही सारखीच आवड होती.

राज्यारोहण

जानेवारी १९२५ मध्ये मुंबईतील मलबार हिल येथे व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. या प्रकरणाचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जाणे किंवा राज्यत्याग करणे असे दोन पर्याय ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. त्यांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी मुलाच्या नावे गादी सोडली. त्या वेळी यशवंतरावांचे वय अवघे १७ वर्षांचे होते.

ते सज्ञान होईपर्यंत आणि त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत सर सिरेमल बापना यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळाने कारभार पाहिला. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. मात्र संस्थानिकाची सत्ता ब्रिटिश सार्वभौम सत्तेच्या मर्जीवर किती अवलंबून असते, याचा अनुभव त्यांना वडिलांच्या राज्यत्यागातून आधीच आलेला होता.

माणिकबाग

पूर्ण अधिकार मिळाल्यावर यशवंतरावांनी मुथेसियस यांच्याकडे माणिकबाग राजवाड्याचे काम सोपवले. १९३० ते १९३३ या काळात हा राजवाडा उभा राहिला. कमानी, घुमट आणि नक्षीकाम यांऐवजी सरळ रेषा, पोलाद, काच, कृत्रिम चामडे आणि विजेची दिवाबत्ती यांचा वापर येथे करण्यात आला. वातानुकूलनाची सोयही होती. उष्ण हवामानाचा विचार करून छप्पर, खिडक्या आणि प्रकाश यांची रचना केलेली होती. दारे, खिडक्या आणि सामानाचा बराचसा भाग जर्मनीत तयार करून जहाजाने भारतात आणण्यात आला.

राजवाड्यातील वस्तूंमध्ये एमिल-जाक रुलमान यांचे लेखनमेज, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, लुई सोन्यो व शार्लोट अलिक्स यांनी केलेले काच आणि धातूचे पलंग, इव्हान दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे आणि जां प्युइफोर्का यांची चांदीची भांडी होती. मुथेसियस यांनी महाराजांसाठी रेल्वेच्या खास डब्याचीही अंतर्गत रचना केली. वस्तूचे सौंदर्य तिच्यावर चढवलेल्या सजावटीत नसून तिच्या रचनेत व कार्यात आहे, हा या साऱ्या निवडीमागील विचार होता. मोटारींच्या बाबतीतही महाराजांची आवड याच विचाराला धरून राहिली.

रोमानियन-फ्रेंच शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली. त्यांपैकी एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या संगमरवराचे आणि एक ब्राँझचे होते. ही शिल्पे ठेवण्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधण्याची योजना होती व त्यासाठी ब्रांकुशी स्वतः १९३८ च्या सुरुवातीस इंदूरला येऊन गेले. परंतु हे मंदिर बांधले गेले नाही.

ड्यूसनबर्ग एसजे

यशवंतरावांच्या मोटारींपैकी सर्वाधिक प्रसिद्धी ड्यूसनबर्ग एसजे या गाडीला मिळाली. तिची चासी व इंजिन अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कंपनीचे होते, तर उघड्या दोन आसनी साच्याचे काम लंडनच्या जे. गर्नी नटिंग या कोचबिल्डर कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यात केले. लांब चासीवर बसवलेला हा साचा नारिंगी आणि काळ्या रंगाचा होता. त्या काळी उंची मोटार विकत घेणारा ग्राहक कारखान्यातून केवळ चासी व इंजिन घेई आणि साचा आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून करवून घेई. इंदूरची ड्यूसनबर्ग ही या पद्धतीतील अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक ठरली, कारण १९३७ मध्ये ड्यूसनबर्ग कंपनीच बंद पडली.

शर्यतीची परंपरा

कंपनीचे संस्थापक फ्रेड ड्यूसनबर्ग (१८७६–१९३२) आणि ऑगस्ट ड्यूसनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले व लहानपणी अमेरिकेत आयोवा राज्यात स्थायिक झालेले बंधू होते. सायकलींच्या धंद्यातून ते मोटारींकडे वळले. त्यांच्या गाडीने १९२१ मध्ये ल मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९२४ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ड्यूसनबर्गने सुपरचार्जर बसवलेल्या गाडीने जिंकली. सुपरचार्जरच्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. १९२५ व १९२७ मध्येही ही शर्यत ड्यूसनबर्गकडेच गेली. १९२५ च्या विजेत्या गाडीचा सरासरी वेग या शर्यतीच्या इतिहासात प्रथमच ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या पलीकडे गेला.

१९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड यांनी कंपनी विकत घेतली. त्यांच्या सांगण्यावरून फ्रेड यांनी रस्त्यावर चालवण्यासाठी जे हे मॉडेल तयार केले आणि डिसेंबर १९२८ मध्ये ते न्यूयॉर्क येथे लोकांपुढे आले. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटर क्षमता, सिलिंडरच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह ही या इंजिनाची रचना शर्यतीच्या गाड्यांवरून घेतलेली होती. कंपनीच्या आकड्यांनुसार त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती होती. इंजिने लायकमिंग या कारखान्यात तयार होत. सुपरचार्जर असलेली एसजे ही आवृत्ती १९३२ मध्ये आली. त्याच वर्षी जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियात सुपरचार्जरची गाडी चालवत असताना फ्रेड ड्यूसनबर्ग यांना अपघात झाला आणि २६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एसजेचे उर्वरित काम ऑगस्ट यांनी पूर्ण केले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या एसजे गाड्यांची संख्या साधारण ३६ मानली जाते.

सुपरचार्जरचे कार्य

साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. सुपरचार्जर हेच मिश्रण दाबाने आत ढकलतो. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये अधिक इंधन जळते आणि अधिक शक्ती मिळते. एसजेची शक्ती कंपनीने ३२० अश्वशक्ती सांगितली होती.

ड्यूसनबर्गचा सुपरचार्जर अपकेंद्री प्रकारचा होता. त्यातील पात्यांचे चक्र क्रँकशाफ्टवरून गियरच्या साहाय्याने, इंजिनाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरे. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे करीत असताना हे चक्र २०,००० फेरे घेत असे. अपकेंद्री सुपरचार्जरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडी सावकाश चालवताना त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही, तर वेग वाढताच तो एकदम प्रकट होतो. शर्यतीच्या मैदानावर इंजिन सतत वरच्या वेगात ठेवता येत असल्याने तेथे ही रचना विशेष उपयुक्त ठरली होती.

वंगणव्यवस्था आणि तेलपंप

सुपरचार्जरमुळे इंजिनाच्या वंगणव्यवस्थेवर येणारा ताण हा या काळातील शर्यतीच्या इंजिनांपुढील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक होता. सिलिंडरमधील दाब वाढला की पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगे यांच्यावरील भार वाढतो आणि उष्णताही वाढते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. हा थर टिकून आहे तोपर्यंत धातूला धातू घासत नाही. थर तुटला तर बेअरिंगचा मऊ धातू काही क्षणांत वितळू शकतो आणि कनेक्टिंग रॉड तुटून सिलिंडरखालील पेटी फोडण्याची वेळ येते. एसजेमध्ये साध्या जे मॉडेलपेक्षा वेगळे, पोलादी नळीचे कनेक्टिंग रॉड आणि अधिक कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा वापरण्यात आल्या, त्यामागे या वाढलेल्या भाराचा विचार होता.

तेलाचा हा थर राखण्याचे काम तेलपंप करतो. त्या काळच्या बहुतेक उंची इंजिनांत गियरचा पंप असे. घट्ट बसणाऱ्या कवचात एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चक्रे फिरतात, दातांमधील खाचांत अडकलेले तेल कवचाच्या कडेने पुढे नेले जाते आणि दाबाखाली बेअरिंगांकडे पाठवले जाते. दाब प्रमाणाबाहेर गेला तर स्प्रिंगची झडप उघडून जादा तेल परत तळाच्या टाकीत सोडते.

या पंपाला स्वतःची शक्ती नसते. तो क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्टवरून गियरने अथवा आडव्या-उभ्या शाफ्टने फिरवला जातो. म्हणून इंजिनाचा वेग कमी असताना पंपातून येणारे तेलही कमी असते. थंड हवेत इंजिन सुरू करताना तेल घट्ट असते आणि पंप फिरवणाऱ्या लहान गियरवर व त्याच्या शाफ्टवर सर्वाधिक जोर येतो. उलट कडक उन्हात तेल पातळ होते, बेअरिंगांच्या फटींतून लवकर निसटते आणि दाब उतरतो. माळव्याच्या उन्हाळ्यात अशी गाडी चालवताना तेलदाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवणे आवश्यक ठरे.

सुपरचार्जर असलेल्या इंजिनात आणखी एक अडचण उद्भवते. पाचपट वेगाने फिरणाऱ्या चक्राचे जडत्व क्रँकशाफ्टला पंचवीसपट होऊन जाणवते, कारण हा परिणाम वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. चालकाने एकदम वेग वाढवला किंवा पाय उचलला, तर मधल्या गियरांना उलटसुलट धक्के बसतात. ज्या इंजिनांत तेलपंप आणि सुपरचार्जर एकाच गियरमालेतून चालवले जातात, तेथे हे धक्के पंपाच्या शाफ्टपर्यंत पोहोचतात आणि त्यावरील खीळ किंवा पिन तुटण्याचा धोका असतो. अशी पिन तुटली तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. ठिणगी आणि इंधन चालू असल्याने ते पूर्ववत फिरत राहते आणि तेलदाबाचा काटा शून्यावर आल्याचे चालकाच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंगांचे नुकसान झालेले असते. म्हणून तेलपंपाची जोडणी शक्य तितकी थेट, लहान आणि सुपरचार्जरच्या धक्क्यांपासून दूर ठेवणे हे चांगल्या रचनेचे लक्षण मानले जाते. खुद्द सुपरचार्जरच्या बेअरिंगांनाही अखंड तेल लागते. मात्र तेथे तेल प्रमाणाबाहेर गेले तर ते मिश्रणाबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाऊन स्पार्क प्लग काळे पडतात.

ड्यूसनबर्गच्या जे आणि एसजे गाड्यांत वंगणाचा विचार इंजिनापुरता थांबलेला नव्हता. इंजिनावर चालणारी गियरांची एक पेटी गाडी दर ७५ मैल, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर चालल्यावर चासीच्या सांध्यांना आपोआप तेल पुरवीत असे. ठरावीक अंतर कापल्यानंतर इंजिनातील तेल बदलण्याची आणि बॅटरी तपासण्याची आठवण चालकासमोरील फळीवरचे दिवे करून देत. क्रँकशाफ्टची थरथर शमवण्यासाठी पारा भरलेल्या नळकांड्यांचा उपयोग केलेला होता. मालकाने बॉनेट उघडून पाहावे अशी अपेक्षा न ठेवता यंत्राने आपली निगा स्वतः मागून घ्यावी, ही कल्पना त्या काळी नवी होती.

स्वरूप आणि पुढील काळ

इंदूरच्या गाडीत इंजिनाच्या बाजूने बाहेर येणाऱ्या चकचकीत धातूच्या लवचीक नळ्या, लांब बॉनेट आणि मागे निमुळता होत जाणारा साचा यांमुळे आतील यंत्रणेची जाणीव बाहेरूनच होते. हत्ती, अंबारी आणि छत्रचामरे यांच्या जागी वेगाच्या यंत्राला राजचिन्हाचे स्थान देणारी गाडी म्हणून कला व मोटार यांच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहिले आहे. महाराजांच्या हयातीच्या उत्तरार्धात संस्थानी मोटारींचे संग्रह विखुरले. इंदूरची ड्यूसनबर्गही भारताबाहेर गेली आणि जुन्या मोटारींच्या संग्राहकांमध्ये तिला मोठी प्रतिष्ठा मिळाली.

राज्यकारभार आणि सार्वजनिक कार्य

यशवंतरावांच्या कारकिर्दीत इंदूर शहराचा विस्तार झाला. शहराची पाण्याची गरज भागवण्यासाठी गंभीर नदीवर यशवंतसागर हे धरण बांधण्यात आले व १९३९ मध्ये ते पूर्ण झाले. धरणातील जादा पाणी सोडण्यासाठी सायफन पद्धतीचा उपयोग केल्यामुळे अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते उल्लेखनीय मानले जाते. त्यांच्या नावाचे महाराजा यशवंतराव रुग्णालय विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात सुरू झाले आणि मध्य भारतातील मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक बनले.

इंदूर हे मराठी भाषेचे व संस्कृतीचे बृहन्महाराष्ट्रातील महत्त्वाचे केंद्र होते. यशवंतरावांच्या काळात, १९३५ मध्ये, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले.

क्रिकेटला दरबारचा आश्रय होता. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघात मुश्ताक अली आणि चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू होते. १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात युद्धानिमित्त भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळले व त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या, तरीही सामना मुंबईने जिंकला. त्यानंतर १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या हंगामांत होळकर संघाने रणजी करंडक पटकावला.

१९४२ मध्ये यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून भारताच्या राजकीय प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. ब्रिटिशांच्या अधिसत्तेखालील संस्थानिकाने परराष्ट्राच्या प्रमुखाला अशा प्रकारे जाहीरपणे लिहिणे ही अपवादात्मक घटना होती. दुसरीकडे, महाराजांचा दीर्घकाळ परदेशात, विशेषतः युरोप व अमेरिकेत मुक्काम असे. त्या काळात दैनंदिन कारभार मंत्रिमंडळ चालवी. राजाची ही अनुपस्थिती आणि राजवाडा, कला व मोटारी यांवर होणारा खर्च हे त्यांच्यावरील टीकेचे प्रमुख मुद्दे राहिले आहेत.

कौटुंबिक जीवन

यशवंतराव व संयोगिताराजे यांना १९३३ मध्ये उषाराजे ही कन्या झाली. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी महाराजांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे रंगवली. एकात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या सायंकालीन पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात मराठा पद्धतीची पगडी व शुभ्र पोशाख परिधान केलेला आहे. छायाचित्रकार मान रे यांनीही या दांपत्याची छायाचित्रे काढली. तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून घेतलेले आणि ‘इंदूर पेअर्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले दोन हिरे पुढे १९४६ मध्ये अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे यांचे ऐन विशीत स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. ध्यानमंदिराची योजना मागे पडण्यामागे हे एक कारण सांगितले जाते. १९३८ मध्ये यशवंतरावांनी मार्गारेट लॉलर यांच्याशी व १९४३ मध्ये युफेमिया क्रेन यांच्याशी विवाह केला. हे दोन्ही विवाह अमेरिकी स्त्रियांशी झाले होते. युफेमिया यांच्यापासून त्यांना १९४४ मध्ये रिचर्ड हा पुत्र झाला. वारसाहक्काच्या प्रश्नात भारत सरकारने कन्या उषाराजे यांना मान्यता दिली आणि १९६१ मध्ये त्या होळकर घराण्याच्या प्रमुख झाल्या.

विलीनीकरण आणि अखेरची वर्षे

१९४७ मध्ये भारतात सामील होण्याबाबत यशवंतराव प्रारंभी साशंक होते व भोपाळच्या नवाबांच्या भूमिकेचा त्यांच्यावर प्रभाव होता. अखेरीस त्यांनी सामीलनाम्यावर सही केली. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत संघ स्थापन झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मध्य भारताचा समावेश मध्य प्रदेशात झाला आणि हे पदही संपुष्टात आले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबई येथे वयाच्या ५३ व्या वर्षी यशवंतरावांचे निधन झाले.

वारसा

माणिकबागेतील सामानाचा मोठा भाग १९८० मध्ये मोनॅको येथील लिलावात विकला गेला आणि त्यातील वस्तू निरनिराळ्या संग्रहांत पोहोचल्या. राजवाड्याच्या इमारतीत पुढे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले. ब्रांकुशी यांची दोन संगमरवरी शिल्पे कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने १९७३ मध्ये घेतली. २०१९ मध्ये पॅरिसच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या जीवनावर व संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले. त्यामुळे भारतीय संस्थानिकांमधील आधुनिकतेचे प्रवर्तक म्हणून त्यांच्या स्थानाकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

त्यांच्या संग्रहातील कलावस्तूंना संग्रहालयांत स्थान मिळाले, तर ड्यूसनबर्गसारख्या यंत्रांचे जतन ही निराळी जबाबदारी ठरली. चित्र किंवा शिल्प स्थिर ठेवून टिकवता येते. सुपरचार्जरचे जुने इंजिन मात्र दीर्घकाळ बंद राहिल्यास बेअरिंगांवरील तेल ओघळून जाते आणि पहिल्याच फेऱ्यांत धातूची झीज होते. म्हणून जुन्या मोटारींचे जाणकार इंजिन सुरू करण्यापूर्वी बाहेरून दाबाने तेल भरतात, तेलपंपाचे गियर, शाफ्ट व पिन तपासतात आणि तेलदाबाचा काटा वर आल्यावरच वेग वाढवतात. यशवंतरावांनी निवडलेल्या वस्तूंपैकी या मोटारीचे मोल तिच्या रंगरूपाइतकेच तिच्या चालू असण्यावरही अवलंबून राहिले आहे.

इंदुरातील यशवंतसागर, यशवंत क्लब आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय यांच्या नावांतून त्यांची स्मृती जपली गेली आहे.